गच्चीवर चढल्यास दीड शिलिंग

खोटं बोललं, दीड शिलिंग. दारू प्यायली, दीड शिलिंग. गच्चीवर चढलं, दीड शिलिंग. प्रार्थनेला उशिरा आलं तर एक पेनी (बारा पेनींचा एक शिलिंग), आलंच नाही तर दोन. आणि दुसऱ्याच्या दाराचं कुलूप चोरकिल्लीनं उघडलं की थेट पाच शिलिंग.

हे दरपत्रक हार्वर्डचं आहे, अठराव्या शतकाच्या मध्यावरचं. तिथल्याच एका ग्रंथपालाने कॉलेजचा इतिहास लिहिला, तो १८३३ साली छापला गेला, त्यात ही सगळी यादी आहे. मी ती वाचली कारण नागपुरात अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांच्या एका वसतिगृहाचा मी रेक्टर आहे, आणि जूनपासून लागू करायची नवी नियमावली लिहिण्याचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं. जुनी नियमावली म्हणजे दोन छापील पानं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'सक्त मनाई आहे'. इतकी सक्त मनाई एका जागी असली की पोरं ती वाचतच नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी ती नुसती लटकून असते.

आमची पोरं गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडची. सकाळी ज्युनिअर कॉलेज, दुपारनंतर नीट-जेईईचा क्लास. वय पंधरा ते सतरा. जुन्या हार्वर्डमध्ये येणारी बरीच पोरंही याच वयाची असत. म्हणजे आज ज्याला आपण जगातलं बडं विद्यापीठ म्हणतो, ते सुरुवातीला जवळपास आमच्यासारखंच एक हॉस्टेल होतं. १६३६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने ४०० पौंड मंजूर करून ते काढलं. आपल्याकडचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं, यावरून अंतर लक्षात येईल.

नियमावली वाचताना एक गोष्ट पक्की धरायची. घडल्याशिवाय कोणी नियम लिहीत नाही. आमच्या जुन्या पानावर 'कूलरच्या टाकीत कपडे भिजवू नयेत' असं कलम आहे. ते कोणाला बसल्या बसल्या सुचलेलं नाही. कुठल्या तरी मे महिन्यात, नळाला पाणी नसताना, एखाद्याने पँट टाकली असणार, पंप जाम झाला असणार, आणि त्या खोलीने ४५ अंशात रात्र काढली असणार. तसंच हार्वर्डच्या यादीत गच्चीच्या कलमाखालीच 'शिसं कापल्यास दीड शिलिंग' असं कलम आहे. छपरावर शिशाचे पत्रे असत. पोरं वर चढायची आणि पत्रा कापून आणायची. त्याच यादीत पुढे बंदूक बाळगण्याला एक शिलिंग आणि आवारात बंदूक झाडण्याला अडीच शिलिंग दंड आहे, तेव्हा त्या शिशाचं काय होत असेल याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

आमची गच्चीही बंदच असते. कुलूप असतं, आणि चोरकिल्लीचं कलम आमच्याकडे नसलं तरी कला आहे. एप्रिलमध्ये रात्री वर गेलो तर चौघं जण सतरंजी टाकून बसलेले.

"काय करून राहिले बे इथे?"

"सर, खाली रेंज नाही येऊन राहिली."

रेंज खाली चांगली येते. पण वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि अकरा वाजले तरी खोलीत कोणाला पाठ टेकवत नाही, हेही खरं. आता यात खोटं बोलल्याचे दीड शिलिंग धरायचे की गच्चीचे, की दोन्ही? त्या काळच्या साहेबांनी खोट्याचा आणि गच्चीचा दर सारखा ठेवला, हे मला आधी विचित्र वाटलं होतं. त्या रात्री वाटलं नाही. दोन्ही एकत्रच घडतात.

तंबाखूचं कलम मला फार आवडलं. १६४० च्या दशकातले नियम म्हणतात की विद्यार्थ्याने तंबाखू घेऊ नये. कॉलेजच्या अध्यक्षांची परवानगी, आईवडिलांची संमती आणि वैद्याने आधी दिलेलं सबळ कारण असेल तरच घ्यावी, आणि तीही शांतपणे, खाजगीत. मी कल्पना करून पाहिली, आमच्याकडचा एखादा पोट्टा खर्ऱ्यासाठी (पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू) डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला आहे, खाली पालकाची सही, 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर'. हसू नका. खर्रा हा आमच्या भागातला खरा प्रश्न आहे. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत तंबाखू विकू नये असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे, राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि पन्नी घासण्याचा तो आवाज तरीही माझ्या खिडकीखाली येतो. काही घरांत बापच पोराला "जा, एक घोटून आण" म्हणून पाठवतो. तिथे पालकांच्या संमतीचं कलम कोणत्या तोंडाने लिहायचं?

बाकीचे जुने नियम झटकन सांगतो. आवारात मातृभाषेत बोलायचं नाही, लॅटिनमध्ये बोलायचं. सिसेरो हा जुना रोमन लेखक समोर ठेवला की तयारीशिवाय वाचता आला पाहिजे, तरच प्रवेश. सहा पेन्सच्या वरची कोणतीही वस्तू मोठ्यांना विचारल्याशिवाय विकायची-बदलायची नाही. १६५५ च्या नियमांत लांब केस, बटा, कपाळावरचे झुलपे, कुरळे करणं, भांग पाडणं, पावडर लावणं, सगळ्याला बंदी. आमच्याकडे बाजूने भादरलेले आणि वर कोंबड्याचा तुरा ठेवलेले केस आहेत, आणि मला विचाराल तर ते केस अभ्यासाच्या आड येत नाहीत. आमच्या वसतिगृह समितीतल्या एका सदस्यांचं मत वेगळं आहे. त्यांना स्वतःला केस नाहीत, हा भाग वेगळा.

आडनावाचा नियम मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. पदवी मिळेपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला नुसत्या आडनावाने हाक मारायची. अपवाद सरदाराच्या थोरल्या मुलाचा आणि त्याहून वरच्या घराण्यांचा. म्हणजे समानता, पण दार किलकिलं ठेवून. वर्गाची यादीही तिथे घराण्याच्या प्रतिष्ठेनुसार लावली जात असे. १७७० च्या दशकात ती वर्णानुक्रमे लागू लागली. तोवर शिक्षेचा एक प्रकार असा होता की पोराचं नाव यादीत खाली ढकलायचं. आमच्याकडे पोरं एकमेकांना आडनावानेच हाका मारतात, त्यात त्यांच्या मनात काही नसतं. पण मोठ्या माणसाने आडनाव विचारलं की खेड्यातून आलेल्या पोराचा चेहरा किंचित बदलतो, आणि का बदलतो हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. मी पहिल्या नावाने हाक मारतो. नव्या नियमावलीत दारावरच्या पाट्याही पहिल्या नावाच्याच ठेवल्या आहेत. तीन अथर्व आहेत, ते खोली क्रमांकाने ओळखू.

नव्या पोरांसाठीचे नियम वाचून मात्र हसू येणं थांबतं. पहिल्या वर्षाच्या मुलाने आवारात टोपी घालायची नाही. पाऊस, गारा, बर्फ पडत असेल, तो पायी असेल आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले नसतील तरच घालायची. दार वाजलं की कोण आहे हे न विचारता ताबडतोब उघडायचं. सीनिअरांची कामं करायला धावायचं. बॅट, चेंडू, फुटबॉल सगळ्यांसाठी त्याने आणून ठेवायचे. हे पोरांपोरांतले छुपे रिवाज नव्हते, कॉलेजच्या संमतीने चालणारे नियम होते. अभ्यासाच्या वेळात ज्युनिअरला कामाला पाठवलं तर सीनिअरला नऊ पेन्स दंड होता. अभ्यासाची वेळ संपली की मग खुशाल पाठवा. आपल्याकडे हेच केलं तर १९९९ च्या महाराष्ट्राच्या रॅगिंगबंदी कायद्याखाली गुन्हा होतो. कायदा हवाच होता. पण वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही विचारा, 'दार वाजलं की विचारू नको, उघड' हा नियम कुठेही न लिहिता अजून चालू असतो. म्हणून मी उलटा नियम घातला आहे. रात्री दहानंतर दार वाजलं तर आधी कोण आहे ते विचारायचं, नाव सांगितलं नाही तर उघडायचं नाही. समोर रेक्टर असला तरी.

आता मुद्द्यावर येतो. हार्वर्डमधला शिस्तभंगाचा पहिला गाजलेला खटला विद्यार्थ्यावर झालाच नाही. तो झाला तिथल्या पहिल्या मास्तरवर. नॅथॅनिएल ईटन त्याचं नाव. १६३९ मध्ये त्याच्यावर आरोप आला की त्याने आपल्या हाताखालच्या ब्रिस्को नावाच्या शिक्षकाला दोन माणसांकरवी धरून ठेवलं आणि अक्रोडाच्या जाड सोट्याने झोडपलं. चौकशी सुरू झाली आणि दुसरंच लफडं बाहेर आलं. पोरांच्या जेवणाची जबाबदारी ईटनच्या बायकोकडे होती. तिने कोर्टापुढे दिलेला जबाब टिकून आहे. खराब मासे पानात आले, पाव आंबट पिठाचा होता, पोरांना बिअर मिळाली नाही (त्या काळी ती जेवणाचाच भाग होती), हे तिने कबूल केलं. मासे आतडी न काढता वाढले गेले आणि लापशीत बकरीच्या लेंड्या निघाल्या, या तक्रारींवर तिचं म्हणणं एवढंच की आपल्याला ते माहीत नव्हतं. ईटनला दंड झाला, त्या मुलखात शिकवायला बंदी झाली आणि कॉलेज जवळपास वर्षभर बंद पडलं. १६४० मध्ये हेन्री डन्स्टर अध्यक्ष म्हणून आला आणि वर सांगितलेले तंबाखूचे, लॅटिनचे, आडनावाचे जुने नियम त्याच्या काळात लिहिले गेले.

म्हणजे क्रम बघा. आधी मास्तरने मारलं, मास्तरणीने उपाशी ठेवलं, आणि नंतर जी नियमावली आली ती पोरांसाठी.

मारणं काही थांबलं नाही. १६७४ मध्ये एका विद्यार्थ्याला देवनिंदेबद्दल ग्रंथालयात सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसवून फटके दिले. फटक्यांआधी अध्यक्षांची प्रार्थना, फटक्यांनंतर पुन्हा प्रार्थना, आणि मारायला तुरुंगाचा रखवालदार. शिवाय जेवताना त्याने वेगळं, उघड्या डोक्याने बसायचं. मी शाळेत असताना छडी होतीच, त्यामुळे फटक्यांचं मला नवल नाही. जेवणाच्या पंगतीतून उठवून वेगळं बसवणं, हे मात्र आपल्याकडच्या माणसाला जास्त खोल लागतं.

पण अठराव्या शतकातल्या त्या दरपत्रकात एक ओळ आहे, तिच्यासाठी मी साहेबांना मानतो. जेवताना दांडगाई केल्यास विद्यार्थ्याला एक शिलिंग. आणि भांडी स्वच्छ न ठेवल्यास कोठीवाल्याला आणि आचाऱ्याला पाच शिलिंगांपर्यंत. त्याच कागदावर, त्याच यादीत, आणि पोराच्या पाचपट. कुठे तरी ईटनबाईंची आठवण शिल्लक असेल. १७६६ मध्ये तिथे पोरांनी सडक्या लोण्यावरून बंड केलं, तेव्हा ती आठवण पुसलेली दिसते. लोणी वास मारतंय म्हणणाऱ्यांनाच शेवटी माफीवर सह्या कराव्या लागल्या. त्या बंडातला पुढारी पोरगा एसा डनबर. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो हा त्याच्या मुलीचा मुलगा, ज्याचं लिखाण गांधीजींनी वाचलं होतं. लोण्याचा वास कुठवर जाईल सांगता येत नाही.

तर माझ्या मसुद्यात पोरांसाठी कलमं कमी आणि मोठ्यांसाठी जास्त झाली. जेवणात अळी, केस, करपलेलं निघाल्यास मेसच्या बिलातून ५०० रुपये कापायचे. पिण्याच्या पाण्याचा कूलर दोन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर व्यवस्थापनाने जार मागवायचे. ७५ टक्के हजेरीचा नियम पोरांना आहे, तसा रेक्टरलाही: रात्री तो आवारात हजर आहे की नाही, याची सही पोरांच्या प्रतिनिधीने घ्यायची. गच्ची एप्रिल-मेमध्ये रात्री साडेनऊपासून उघडी, कठड्यापासून चार फूट आत पांढरा पट्टा, आणि वर माझी खाट.

समितीच्या बैठकीत गच्चीचं कलम विम्याच्या कारणावरून बाजूला ठेवलं गेलं. रेक्टरच्या सहीचं कलम वाचून अध्यक्षांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, उद्या पोट्टे माझी पण सही मागतील." मी म्हटलं, "आपण आलात तर मागतील ना." ते कलम गेलं. मेसचं राहिलं, बहुतेक त्यात त्यांचा खर्च नव्हता म्हणून.

मग मेसच्या दाराशी एक वही दोरीने बांधून ठेवली. त्यात रोज काही ना काही पडतं. पोह्यावर तर्री नाही. भाकरी कच्ची. रविवारी सांगितलं एक, केलं एक. एकाने अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की वरणात डाळ शोधण्यासाठी शोधपथक नेमावं. मी ती वही कंत्राटदाराला दाखवली. तो म्हणाला, "सर, पोट्टे आहेत, काही पण लिहितात." दुपारचे दोन वाजले होते, पातेलं समोरच होतं. मी एक ग्लास वरण भरला आणि त्याला प्यायला दिला.