आर खोऱ्यातली लाल वाट

जर्मनीतल्या आरवायलर गावाच्या जुन्या तटबंदीबाहेर पडलं की लगेच चढ लागतो आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना द्राक्षमळे सुरू होतात. पांढऱ्या पाटीवर लाल द्राक्षांचा घड दिसला की वाट बरोबर आहे. हा रोटवाइनवांडरवेग, म्हणजे रेड वाइनची वाट, आर नदीच्या खोऱ्यातून जाणारा साधारण 35 किलोमीटरचा पायरस्ता. आम्ही मारियनथालवरून डेर्नाऊपर्यंत चाललो.

जर्मनी म्हटलं की रीसलिंग, म्हणजे व्हाइट वाइनच आठवते. बॉनच्या दक्षिणेचं हे अरुंद खोरं मात्र रेड वाइनवर जगतं. सर्वाधिक लागवड श्पेटबुर्गुंडरची, म्हणजे फ्रान्समधल्या पिनो न्वारची. इतक्या उत्तरेला ही नाजूक जात पिकते ती दगडांमुळे. उभ्या उतारावर रचलेले बांध, त्यात काळी स्लेट, आपल्या शाळेतल्या पाटीचाच दगड. ऊन कलल्यावर एका बांधावर हात ठेवला तर तो चांगलाच गरम होता. दिवसभर साठवलेली ही ऊब रात्री वेलींना मिळते.

डेर्नाऊत 2021 च्या पुराच्या खुणा अजून दिसतात. 14 जुलैच्या रात्री आर फुगली आणि खोऱ्यात 130 हून अधिक माणसं गेली. तळघरंच्या तळघरं बुडाली. चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता, तशाच, मदतनिधीसाठी विकल्या गेल्या आणि लोकांनी त्या मनापासून विकत घेतल्या. पुढच्या मायशॉसमध्ये 1868 पासून चालू असलेली द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या मला तिचं फार अप्रूप वाटलं.

संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या अंगणात बसलो. लेबलवर ‘ट्रोकन’ लिहिलेली बाटली मागवली. म्हणजे कोरडी, गोडवा नावापुरताच, लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर. रंग इतका फिका की पेल्यातून पलीकडची बोटं दिसावीत. आधी आंबट चेरीचा वास, थोड्या वेळाने पावसाळी रानातल्या ओल्या पाचोळ्याचा. तुरटपणा कमी, आंबटपणा मात्र तरतरीत. म्हणूनच ही वाइन जेवणावर कुरघोडी करत नाही.

ऱ्हाइनकाठचा प्रसिद्ध साउअरब्राटन, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवून शिजवलेलं गोमांस, तिच्याबरोबर हमखास सुचवतात. मला ती जोडी पटली नाही. त्याच्या रश्श्यात मनुका असतात आणि त्या गोडव्यापुढे कोरडी वाइन उगाच आंबट लागते. हरणाचं मांस आणि पिवळी रानअळंबी आली तेव्हा खरी गंमत कळली. अळंबीचा मातकट स्वाद वाइनमधल्या पाचोळ्याशी जुळला आणि आंबटपणाने लोण्याचा जडपणा कापला. मांस न खाणाऱ्यांनी कांदा घातलेला पिझ्झासारखा पातळ, कुरकुरीत फ्लामकूखन जरूर घ्यावा. फक्त वर बेकन नको म्हणून सांगावं लागतं.

आपल्या जेवणातलं म्हणाल तर मिसळ आणि तांबडा रस्सा नकोच, मिरचीने वाइनचा अल्कोहोल घशाला झोंबतो. तुपावर परतलेली, मिरी घातलेली अळंबी किंवा कमी तिखटाचं मटण सुकं छान जमेल. आणि बाटली 14 ते 16 अंशांवर असू द्या. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात त्यासाठी ती उघडण्याआधी दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवावी, नाहीतर चेरीचा वास दबतो आणि नाकात नुसता अल्कोहोल जातो.