वसंतात माळ्याच्या हातात फूल नसतं, झाडू असतो

मलबार हिलवरच्या एका जुन्या बंगल्याची बाग सांभाळतो मी. आवार इंग्रजांच्या काळातलं, मोठं, त्यात पर्जन्यवृक्ष, देशी बदाम, आंबे, गुलमोहर, सगळं आहे आणि फेब्रुवारी-मार्च आला की यातली निम्मी झाडं एकदम पानं टाकायला लागतात. ऊन वाढतं, जमिनीतली ओल कमी होते, मग झाड पानं टाकून पाणी वाचवतं. बदाम तर आधी लालभडक होतो, लोक फोटो काढतात, आणि मग तीच ताटाएवढी पानं लॉनवर. सकाळी झाडून काढलं की चहा पिऊन येईपर्यंत परत तसंच.

बाईसाहेबांना लॉनवर पान दिसलेलं चालत नाही, ठीक आहे, लॉन झाडतो. पण बुंध्याशी पडलेला पाला मी उचलत नाही, त्यावरून दरवर्षी बोलणी खातो. तो पाला असला की मुळाशी ओल टिकते, आणि मार्चमध्ये समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की पारा ३८ च्या पुढे जातो तेव्हा तेच कामाला येतं. बाकीचा पाला मागच्या खड्ड्यात, शेण घालून. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं पटकन कुजतात, बदामाचं चिवट पान मात्र पाऊस खाल्ल्याशिवाय हलत नाही.

खरी भांडणं पाण्यावरून. मी सांगोल्याकडचा, आमच्याकडे डाळिंबवाले बहार धरायला झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, झाड पानं गाळून विश्रांती घेतं, मग छाटून खत-पाणी दिलं की कळ्या येतात. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, डाळिंबाचे हे तिन्ही हंगाम त्या ताणावरच. मोगऱ्याचंही मी तेच करतो. जानेवारीत पाणी बंद, फेब्रुवारीत छाटणी, उरलीसुरली पानं हातानं ओरबाडून काढायची, मुळाशी माती उकरून शेणखत, आणि मग दाबून पाणी. पण मधल्या त्या दिवसांत नुसत्या काटक्या दिसतात ना, तेव्हा घरातलं कुणीतरी येऊन म्हणतं, अहो काका, मोगरा मेला की हो, आणि माझी पाठ फिरली की पाइप सोडून देतं. एकदा असं पाणी मिळालं की झाड खुशाल पाला वाढवत बसतं, फूल देत नाही. आता मी नळाची चावीच खिशात ठेवतो. बोगनवेलीचंही तसंच, तिला लाडावलं की नुसती हिरवी, कोरडी ठेवली की रंगाने फुटते.

आणि इकडे कुंड्यातल्या पेटुनिया, फ्लॉक्स मार्चच्या उन्हात माना टाकतात. त्यांना कितीही पाणी घाला, थंडीची फुलं ती, त्यांचा सीझन संपला. राणीबागेतलं पुष्पप्रदर्शन बघून आलेल्या पाहुण्यांना वाटतं तसलं आपल्याकडेही मेपर्यंत टिकेल. मी उपटून झिनिया आणि ऑफिस टाईमची फुलझाडं लावून टाकतो, विचारायला गेलो तर चर्चा होते.

आंब्याचं वेगळंच. मोहरावर तुडतुडे येतात, रस पितात आणि त्यांचा चिकट गोड द्रव खाली टपकतो, त्यावर काळी बुरशी धरते. ड्रायव्हर गाडी नेमकी आंब्याखाली लावणार आणि मग मला म्हणणार, तुझं झाड डिंक गाळतंय, फवार काहीतरी. फुलं पूर्ण उमललेली असताना औषध मारलं तर मधमाश्या, माश्या मरतात, मग कैऱ्या कशा लागायच्या? म्हणून मोहर फुटायच्या आधीच संध्याकाळी निंबोळीचं तेल फवारतो, पण ते सांगण्यापेक्षा गाडी हलवणं सोपं आहे हो.

एप्रिलचं मोठं काम छाटणी. पर्जन्यवृक्षाची एक फांदी भिंतीवरून रस्त्याकडे झुकलीये, जूनच्या वाऱ्याआधी उतरवायला हवी, पण १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे महापालिकेच्या परवानगीशिवाय कोयता लावता येत नाही. बरोबरच आहे म्हणा, नाहीतर मलबार हिलवर एक झाड उरलं नसतं, सगळ्यांना समुद्र बघायचाय. अर्ज दिलाय, पाहणीला माणसं यायचीयत. तोवर फांदीखाली दोरी बांधलीये गाड्या लागू नयेत म्हणून, आणि ड्रायव्हर म्हणतो आता आंब्याखाली तरी लावू दे.