ही वही नक्की कोणाची?

आज कपाट आवरताना जुनी वही सापडली आणि वाचताना चक्क लाज वाटली राव. दर चार पानांनी वेगळाच माणूस बोलतोय, ज्या महिन्यात जो लेखक वाचला त्याची हुबेहूब कॉपी. 'सांजवेळची कातर हुरहुर' म्हणे! (आमच्या घरात कातर म्हणजे कात्री.) मधेच आईसाठी खरडलेली चिठ्ठी निघाली, 'किल्ली शेजारी दिलीय, गॅस बंद केलाय, चिडू नकोस', आणि हसूच आलं, कारण हा मात्र मीच होतो, अगदी डिट्टो. मग काय, कालपासून अडलेला लेख मोठ्याने वाचत बसलो, जिथे जीभ अडखळली तिथले शब्द उडवले, निम्मा लेख गेला. उरलेला जरा ओबडधोबड वाटतोय, असू दे.