पणजीचं माहेर

इस्रायलमधल्या अश्दोदहून आत्याचा फोन आला. तिच्या नातवाला शाळेत घराण्याचा इतिहास लिहायचा होता. पणजोबांच्या बाजूची सात नावं तिने घडाघड सांगितली आणि मग विचारलं, "आणि आपल्या रिबकाबाईचं माहेर कुठलं गं?" मला सांगता येईना. घरातली बहुतेक माणसं इस्रायलला गेली, ठाण्यात आमचं एकच घर उरलं. म्हणजे शोधायचं काम माझंच होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावं बहुतेक कोकणातल्या गावांवरून पडलेली: पेणकर, किहिमकर, रोहेकर, नवगावकर. त्यामुळे आडनाव कळलं की घराणं सापडेल, असं मला वाटायचं. पण एकाच गावातून निघालेली चार वेगवेगळी कुटुंबंही एकच आडनाव लावतात. शिवाय जुन्या कागदांत कितीदा आडनाव नसतंच. नाव, बापाचं नाव आणि पुढे 'इस्राएल', एवढंच.

घाईघाईत मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे अर्ज दिला आणि चार दिवस बसले. तिथले दप्तर खात्यांप्रमाणे आणि वर्षांप्रमाणे लावलेले आहेत. माणसाच्या नावाने काही मागता येत नाही. कुठलं खातं, कुठलं साल, कुठला तालुका हे ठाऊक असेल तर ती जागा म्हणजे खजिना आहे. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जगभरच्या ज्यू वंशावळींसाठी 'ज्यूइशजेन' नावाचं मोठं संकेतस्थळ आहे, तेही पालथं घातलं. पूर्व युरोपातल्या घराण्यांसाठी तिथे भरपूर आहे, माझ्या हाती मात्र काही लागलं नाही.

वाट सापडली ती घरातच. आजीच्या लोखंडी पेटीत, लग्नाच्या साडीखाली, पणजीचा केतुबा होता. केतुबा म्हणजे आमच्या लग्नाचा करारनामा. त्यात नवरा-नवरीची नावं बापाच्या नावासकट असतात, शिवाय गाव, तारीख आणि साक्षीदारांच्या सह्या. मला हिब्रू प्रार्थनेपुरतं येतं, आणि केतुब्याची भाषा बरीचशी अरामी. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जगभरातले केतुबे इंटरनेटवर ठेवले आहेत, त्यात भारतातलेही आहेत. ते एकेक उघडून माझ्या कागदाशी ताडून पाहिले. मजकुराचा साचा ठरलेला असतो, त्यामुळे कुठल्या ओळीत काय येतं ते आठवडाभरात कळायला लागलं. आमच्या कागदावर होतं: रिबका, यहेज्केलची मुलगी, लग्न मुंबईत.

वर्ष हिब्रू पंचांगाचं होतं, आणि तेही आकड्यांऐवजी अक्षरांत: तव, रेश, अयिन, आलेफ. चारशे, दोनशे, सत्तर, एक, म्हणजे 671. हजाराचा आकडा बहुधा लिहीत नाहीत, म्हणून पूर्ण वर्ष 5671. सुट्या आकड्यात 1240 मिळवले की इसवी सन येतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. आले 1911. मग मुंबईतल्या मशिदींमध्ये 1911 ची लग्नाची वही विचारत हिंडले. (आमच्या प्रार्थनास्थळाला, म्हणजे सिनेगॉगला, आम्ही मशीदच म्हणतो, मस्जिद बंदर हे नावही आमच्या मशिदीवरूनच पडलं असं आमच्यात सांगतात.) एका ठिकाणी जुन्या वह्या वाळवीने खाल्लेल्या. ती पानं हातात घेतली तर भुगा झाला. तो दिवस मला फार जड गेला. दुसऱ्या ठिकाणच्या मुकादमकाकांनी अख्खी दुपार माझ्यासाठी कपाट उघडं ठेवलं, पण 1911 मध्ये रिबका नव्हती.

चूक माझ्या हिशेबात होती. आमचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तिश्री महिन्याने सुरू होतं, आणि लग्न लागलं होतं त्याच्या पुढच्याच, हेश्वान महिन्यात. म्हणजे साल 1910. काकांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, "ये गं पोरी, वही काढून ठेवतो."

नोव्हेंबर 1910 च्या पानावर मराठीत लिहिलं होतं: 'रिबका, हसाजी अबाजी इस्राएल यांची मुलगी, रा. झिराड.' माझ्या मनात यहेज्केल घोळत होतं, म्हणून हसाजी वाचून क्षणभर वाटलं की ही कोणी दुसरीच. मग आठवलं, 1796 साली मुंबईत पहिली मशीद बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आमच्या लोकांत समाजी हसाजी म्हणून ओळखले जात. इझिकेल, यहेज्केल, हसाजी, तिन्ही एकच. हिब्रू नावाला कोकणातलं रूप असतं हे ध्यानात ठेवलं नाही, तर समोर आलेला पूर्वजही ओळखू येत नाही.

झिराड अलिबाग तालुक्यातलं. आता गावही होतं आणि सालाचा अंदाजही. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमधलं बेने इस्राएलांवरचं प्रकरण वाचून गेले. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', हे लहानपणापासून ऐकलेलं तिथे छापील भेटलं. पुढे तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मागितला. ही गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि ती मोडी लिपीत. 1885 ते 1897 च्या पानांच्या नकला मिळायला तीन खेपा लागल्या. मला मोडी येत नाही. पुण्यातल्या एका मोडीच्या शिक्षिकेने त्या पानांवर दोन रविवार घालवले आणि पैसे घेतले नाहीत.

1893 च्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी हळूहळू वाचलं, "हसाजी बिन अबाजी. जात शनवार तेली. मुलगी." नाव लिहिलेलं नव्हतं. बारशाआधीच नोंद झाली असावी. पण हसाजी अबाजीच्या घरी त्या तेरा वर्षांत दुसरी मुलगी नोंदलेली नाही, आणि 1910 मध्ये ही सतरा वर्षांची होते.

तिथूनच आत्याला फोन लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि तिची आई?"

आईच्या नावाला त्या नोंदीत रकानाच नाही. पावसाळा संपून गवत कापलं की अलिबागच्या कब्रस्तानात जाणार आहे. हसाजीची बायको तिथे असेल, तर तिचं नाव दगडावर असेल.