मिराज, लंका आणि शेजारचे काका

मिराज हे लढाऊ विमान, आणि ते म्हटलं की ग्वाल्हेरचा माणूस कारगिल सांगतो, बालाकोट सांगतो, आणि का सांगू नये, इथल्याच महाराजपुरा हवाई तळाची विमानं आहेत ती, गच्चीवर वाळवण घालताना डोक्यावरून जातात. पण ह्याच मिराज 4 जून 1987 ला जाफन्यावर, म्हणजे लंकेच्या उत्तरेतल्या तमिळ शहरावर, गेल्या होत्या हे किती जणांना माहितेय? लंकेच्या सैन्यानं तिथल्या तमिळ लोकांची कोंडी केली होती, आदल्या दिवशी आपण रामेश्वरमहून मदतीच्या बोटी पाठवल्या त्या त्यांच्या नेव्हीनं परत फिरवल्या, मग दुसऱ्या दिवशी पाच एएन-32 मालवाहू विमानांनी वरून सुमारे 25 टन सामान टाकलं आणि सोबतीला आपल्या मिराज. परवानगी न घेता, दुसऱ्याच्या आकाशात.

मला वाटतं आपण त्या घरच्या भांडणात खरे तिथेच उतरलो. (आधीपासून गुंतलेलो होतोच, 1983 च्या दंगलींनंतर तमिळ पोरांना ट्रेनिंग आपणच दिलं, त्यात वाघांचीही, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईचीही, पोरं होती.) 29 जुलैला राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबोत सलामी घेताना एका सिंहली नौसैनिकानं राजीवजींवर बंदुकीचा दस्ता उगारून मारला. म्हणजे लोकांच्या मनात काय आहे ते सुरुवातीलाच दिसलं होतं, तरी फौज गेलीच. शांतिसेना म्हणून.

आमच्या शेजारचे काका त्यात होते, सिग्नल्समध्ये. स्वतःहून बोलत नाहीत, पण लाइट गेली की सगळे बाहेर ओट्यावर बसतात तेव्हा कधीकधी निघतं. ते म्हणतात सुरुवातीला जाफन्यात लोकांनी हार घातले, शहाळी दिली, पोरं मागे-मागे धावायची. ऑक्टोबरमध्ये त्याच गल्ल्यांत गोळ्या. करारानुसार वाघांनी हत्यारं टाकायची होती, ती टाकली नाहीत, मग त्यांचे पकडलेले लोक कोलंबोला न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी सायनाइड खाल्लं आणि सगळंच फिस्कटलं. ऑपरेशन पवन सुरू, म्हणजे वाघांकडून जाफना घ्यायची आपल्या फौजेची मोहीम. जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरनं 13 सिख लाइट इन्फन्ट्रीचे 30 जण उतरले, त्यातले 29 गेले, एक पकडला गेला.

काकांना सगळ्यात जास्त आठवतो तो रस्ता. प्लास्टिकच्या जेरीकॅनमध्ये बारूद भरून डांबराखाली पुरायचे, प्लास्टिक म्हणून डिटेक्टर वाजायचाच नाही, आणि वायर लांब ताडाच्या बनात गेलेली, तिथे बॅटरी घेऊन एखादं पंधरा-सोळा वर्षांचं पोर बसलेलं. डांबराचा नवीन पॅच दिसला की पाय आपोआप थांबायचा म्हणे. आणि मग तो पोरगा हाती लागला तर त्याचं काय करायचं, तो तर शाळेचा, त्याची आई समोर उभी, हे कोणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "आम्हाला शत्रू कोण तेच सांगून पाठवलं नव्हतं रे."

आपल्याकडून जे झालं तेही लिहिलं पाहिजे. 21 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, जाफना हॉस्पिटलमध्ये आपल्या फौजेच्या गोळीबारात डॉक्टर, नर्सा, पेशंट मेले, तिथले लोक ते आजही विसरलेले नाहीत आणि त्यांनी का विसरावं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे हॉस्पिटल आणि 25 नोव्हेंबरला 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, ज्यांनी छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. महार रेजिमेंट, म्हणजे किती घरं आपल्याच मराठी माणसांची, तरी हे नाव शाळेत कोणी सांगत नाही.

सगळ्यात वाईट मला पुढचं वाटतं. 1989 मध्ये लंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांना भारताची फौज बाहेर पाहिजे होती, वाघांनाही तेच पाहिजे होतं, म्हणून एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं एक झाले आणि त्यांच्याच सरकारनं वाघांना आपल्या जवानांविरुद्ध लढायला हत्यारं दिली. दुसऱ्यांच्या यादवीत फौज घातली की ती फार लवकर तिसरा पक्ष होते, मग दोन्हीकडच्यांना ती नकोशी, आणि निघायचं कधी हे जाताना ठरवलेलं नसलं तर दर महिन्याला अजून माणसं पाठवावी लागतात. आपल्या चार डिव्हिजन तिथे गेल्या. 1,100 पेक्षा जास्त जवान परत आले नाहीत. मार्च 1990 मध्ये शेवटची जहाजं निघाली, मद्रासला उतरलेल्या जवानांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आणि युद्ध? ते मे 2009 पर्यंत चाललंच.

कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक आहे, नावांसकट. ज्या देशानं आपल्याला जा म्हटलं त्यानं नावं दगडावर कोरली, आणि इकडे 26 जुलैला कारगिल दिवस होतो, शाळांत भाषणं होतात, तीन दिवसांनी कराराची 29 येते ती तशीच निघून जाते. ह्या वर्षी नाही जाऊ द्यायची. काकांना तयार केलंय, बोलतो म्हणालेत, आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला. ग्वाल्हेरात असाल तर या, आणि तुमच्या घरात, नात्यात कोणी लंकेला जाऊन आलं असेल तर त्यांनाही घेऊन या, त्यांना बोलायचं नसेल तरी चालेल.