ठीक आहे, पूर्णविराम

मागच्या गणपतीतली गोष्ट. नात पहिल्यांदाच घराबाहेर, मुंबईला हॉस्टेलवर. तिचा मेसेज आला की आजी सबमिशन आहे, यंदा गणपतीला यायला नाही जमणार. वाईट वाटलंच, पण पोरीला आधीच टेन्शन, त्यात आपण कशाला भर घाला, म्हणून मी लिहिलं "ठीक आहे." आणि खाली एक अंगठा टाकला. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

नंतर तिकडून काहीच नाही. रोज रात्री साडेनऊला न चुकता फोन करणारी मुलगी दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी जेवताना मुलानं विचारलं, आई, तू तिला काही बोललीस का गं? ती विचारत होती, आजी माझ्यावर एवढी का चिडलीये. घास हातातच राहिला माझा.

तसाच हात धुतला आणि फोन लावला. मी चिडले नव्हते गं, असं म्हणाल्यावर पलीकडून रडवेला आवाज, "मग फुलस्टॉप का दिलास? आणि वर तो अंगठा." मला खरंच काही कळेना. मग तिनं नीट समजावलं, आजी, मेसेज पाठवला म्हणजे वाक्य संपलंच ना, मग टिंब कशाला हवं? ते मुद्दाम दिलं की दार आपटल्यासारखं वाटतं. आणि नुसता अंगठा म्हणजे बास, आता पुढे बोलू नकोस.

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नसला तर अर्धा मार्क कापायचे, आणि ते योग्यच होतं असं आजही मानते, कारण उत्तरपत्रिकेत एकाखाली एक दहा वाक्यं असतात, कुठलं कुठे संपलं ते कळायला नको? पण त्या रात्री मी तिचे जुने मेसेज वर वर सरकवत परत वाचले. "आजी" हा एक मेसेज, खाली "ऐक ना", खाली "एक सांगायचंय", खाली "बाबांना सांगू नकोस हं", असे पाच-सहा तुकडे, प्रत्येकाला वेगळी टिंग. आधी मला याचा वैताग यायचा, एका दमात लिहायला काय होतं. आता त्याच ओळी मनात मोठ्यानं म्हणून बघितल्या तर ती समोर बसून बोलत असल्यासारखीच वाटली, मध्ये श्वास घेत, माझ्याकडे बघत. ती लिहीत नव्हतीच, बोलत होती. बोलण्यात कुणी टिंब देतं का?

आणि पूर्णविराम तरी आपल्याकडे कुठे फार जुना आहे. मोडीतले जुने कागद बघा, सगळं सलग, शब्दसुद्धा सुटे नाहीत. ही विरामचिन्हं मराठीत आली १९व्या शतकात, मराठीचे कोश करणाऱ्या इंग्रज मेजर कँडीसाहेबांच्या वेळी, इंग्रजीवरून. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे पण स्वतःच्या बाबतीत कधी लावून पाहिलं नव्हतं.

कवटीचं पण तसंच. तिच्या काकानं ग्रुपवर काहीतरी विनोद टाकला आणि हिनं खाली तीन कवट्या. मी धसकलेच, अशुभ काय पाठवतेस म्हणून. तर म्हणे "आजी, म्हणजे हसून हसून मेले." अगं मग हे तर आपलंच, आपण नाही का म्हणत हसून मेले, मुरकुंडी वळली. डोळ्यात पाणी येऊन हसणारा जो चेहरा मी टाकते तो २०१५ साली ऑक्सफर्डनं वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता, पण आता तो आमच्या वयाच्या लोकांचा झालाय असं तिनं हळूच सांगितलं.

धाकट्या नातवाचं प्रकरण मात्र वेगळं. दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन मंडईत गेले, भाजीवालीला म्हटलं सहा-सात वांगी दे गं, कोवळी बघून, तर हा "सिक्स सेव्हन" असं ओरडून दोन्ही तळवे वरखाली करायला लागला, आणि शेजारच्या बाईंबरोबरचा अनोळखी मुलगा, तो पण तेच करायला लागला! दोघं एकमेकांकडे बघून खूश. अर्थ काय रे याचा? "अर्थ काही नाही आजी." डिक्शनरी डॉट कॉमनं २०२५ साठी हाच शब्द निवडलाय म्हणे. घरी येऊन वांगी चिरताना विचार करत होते, अडगुलं मडगुलंचा अर्थ आम्ही कुठे विचारला कधी. आणि मी नि माझी मैत्रीण च-ची भाषा बोलायचो ती कशासाठी? तांदूळ निवडत बसलेल्या आईला कळू नये म्हणूनच ना. "चईआ चलीआ" म्हटलं की आई आली, विषय बदल.

त्यामुळे कट्ट्यावर कुणी म्हणालं की या पोरांनी मराठीची वाट लावली तर मला पटत नाही. नात म्हणते "त्यानं तिला तीन महिने घोस्ट केलं गं." म्हणजे काही न सांगता बोलणं, मेसेज सगळं बंद. यात घोस्ट सोडलं तर सगळं आपलं आहे, अगदी शेवटच्या गं सकट. पगार आणि चावी हे पोर्तुगीज शब्द आपण घेतलेच की.

एकच गोष्ट लागते मनाला. काही विचारलं की "सोड ना आजी, तुला नाही कळणार." तसं म्हणू नका रे बाळांनो. आम्हाला एकदा सांगून नाही कळत, दोनदा सांगा, पण सांगा. त्या दोन दिवसांत ती पोर तिकडे जेवली होती की नाही हेही मला माहीत नाही, नुसत्या एका टिंबापायी.

आता मी "ठीक आहे गं" असं लिहिते. गं लिहिलं की तिला बरोबर पोचतं, आणि मलाही काही सोडल्यासारखं वाटत नाही.

परवा ती परत हॉस्टेलला गेली. रात्री मेसेज आला, "आजी, मी पोचले." स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं जागच्या जागी. माझ्या पोटात गोळाच आला, लगेच फोन लावला, काय झालं गं, रागावलीस का?

"नाही गं आजी," ती म्हणाली, "तुला आवडतं म्हणून दिला."