ओपन वॉटर प्रमाणपत्रानंतरचा माझा उथळ पाण्यातला सराव

स्कूबा डायव्हिंगमधल्या ओपन वॉटर डायव्हर या पहिल्या कोर्समध्ये खुल्या पाण्यातल्या चारच डाइव्ह असतात आणि त्या चारही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होतात. त्यानंतर मिळणारे प्रमाणपत्र बडीसोबत, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारासोबत, 18 मीटरपर्यंत उतरण्याची मुभा देते. माझ्याबरोबर शिकलेल्या काहींनी लगेच पुढच्या कोर्सला नाव घातले; मी मात्र काही काळ पाच ते दहा मीटरच्या पट्ट्यातच डायव्हिंग करायचे ठरवले. नवख्या माणसाने हेच करावे, असे माझे ठाम मत आहे.

उथळ पाणी सोपे असते, हा समज पहिल्याच काही डाइव्हमध्ये दूर होतो. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली जाताना दाब 1 बारवरून (बार हे दाबाचे एकक) 2 बार, म्हणजे दुप्पट होतो. दहावरून वीस मीटरवर जाताना तो जेमतेम दीडपट होतो. त्यामुळे बीसीडीतली (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमधली) आणि वेटसूटमधली (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखातली) हवा सर्वांत जास्त फुगते आणि आकसते ती याच वरच्या थरात, आणि इथे स्थिर राहता आले की खाली राहणे तुलनेने सुकर होते.

मी सुरुवात पाण्याखाली राहण्यासाठी अंगावर बांधायच्या वजनांपासून केली. प्रशिक्षणात वजने अंदाजाने दिली जातात आणि ती बहुधा थोडी जास्तच असतात, कारण नवखा माणूस ताणाखाली छाती भरलेली ठेवतो. मी प्रत्येक डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये 50 बारच्या आसपास हवा उरलेली असताना, पृष्ठभागावर बीसीडी पूर्ण रिकामे करून पाहत असे. छातीत नेहमीइतकी हवा असताना पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि श्वास सोडल्यावर शरीर सावकाश खाली जावे, ही त्याची खूण. ही तपासणी शेवटीच करायची, कारण 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला सुमारे 2400 लिटर हवा असते, तिचेच वजन तीन किलोच्या जवळपास भरते आणि डाइव्हदरम्यान त्यातले दोन किलोंहून अधिक कमी होते. प्रत्येक तपासणीनंतर थोडे थोडे वजन उतरवत गेल्यावर बीसीडीत हवा भरण्याची गरज आपोआप कमी झाली.

मग श्वासाकडे वळले. वाळूतल्या एखाद्या दगडासमोर आडवे तरंगत त्याच्या एकाच डागावर नजर ठेवायची. श्वास आत घेतला तरी दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही आणि मग तो डाग हळूच खाली सरकू लागतो, म्हणजे आपण वर निघालेले असतो. हा उशीर अंगवळणी पडला की शरीर उचलले जाण्याआधीच श्वास सोडायला सुरुवात होते. श्वास मात्र कधीही रोखायचा नाही. वर येताना रोखलेली हवा प्रसरण पावून फुप्फुसांना इजा करू शकते.

लॉगबुकमध्ये मासे किती दिसले यापेक्षा वजन, वेटसूटची जाडी, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, सरासरी खोली आणि वेळ या नोंदी मला फार उपयोगी पडल्या. उदाहरणार्थ, सरासरी दहा मीटरवर 40 मिनिटांत 12 लिटरच्या सिलिंडरमधले 100 बार संपले, तर मिनिटाला 30 लिटर, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशेबाने 15 लिटर हवा लागली. हा आकडा कमी करण्यासाठी श्वास आखडता घेणे चुकीचे आहे. अनावश्यक हातवारे थांबले आणि फिन्सची हालचाल संथ झाली की तो आपोआप उतरतो.

शक्य तेव्हा मी अनुभवी बडीसोबत गेले आणि आपण नवीन आहोत हे बोटीवरच स्पष्ट सांगितले. असे सांगितले की समोरचा माणूस वेग कमी करतो आणि 100 बारला खूण करून परतायचे, हे आधीच ठरवता येते.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, तो सेफ्टी स्टॉप दोर न धरता स्थिरपणे जमू लागल्यावरच मी 30 मीटरच्या कोर्सला नाव नोंदवले. त्या खोलीवर दाब 4 बार असतो आणि प्रत्येक श्वासाला दहा मीटरच्या दुप्पट हवा लागते; ती मला किती मिनिटे पुरेल, याचा हिशेब मी माझ्याच नोंदींवरून पाण्यात उतरण्याआधी मांडून ठेवला होता.